‘प्रायव्हेट पीसफुल’ वाचून पोरं गप्प झाली तर? घरी गप्पा कशा काढायच्या

इंग्लंडमधल्या मराठी घरांत पोरं इयर सिक्स ते एटमध्ये (साधारण दहा ते तेरा वर्षांची) असताना कधी ना कधी दप्तरातून एक पुस्तक निघतंच, मायकल मॉर्पर्गोचं ‘प्रायव्हेट पीसफुल’. २००३ सालचं. पहिल्या महायुद्धात डेव्हनमधल्या एका खेड्यातला टॉमो नावाचा पोरगा वय चोरून भरती होतो, सोबत मोठा भाऊ चार्ली, त्या दोघांची गोष्ट. वर्गात वाचतात, घरी आल्यावर आपण विचारतो कसंय पुस्तक, उत्तर येतं ‘ओके’. मग चार दिवसांनी जेवताना मध्येच, ‘आई, त्यांनी आपल्याच माणसाला गोळी का घातली?’ आणि आपण आमटी वाढता वाढता थांबतो.

आमच्या ओळखीतल्या बऱ्याच आयांनी विचारलं की यावर बोलायचं तरी काय, म्हणून सविस्तर लिहितेय. मी बर्मिंगहॅमच्या बाजूला राहते, रविवारी घरी पोरांचा वाचनगट घेते, दहा ते चौदा वयाची पोरं, आणि हे पुस्तक फिरून फिरून त्यात येतंच. खाली शेवट फोडलाय, तेव्हा पुस्तक अर्धवट वाचलेल्या पोरांच्या हातात हे देऊ नका, नाहीतर सगळी मजाच गेली.

सगळ्यात आधी एक सांगते. ‘युद्ध वाईट असतं’ हे वाक्य पोरगं बोललं की आपल्याला बरं वाटतं, चला, समजलं म्हणजे त्याला. तर तसं नाहीये हो. हे वाक्य पोरांना पाठ असतं, टीचरला आवडतं, आईला आवडतं, ते म्हटलं की सुटका होते आणि टीव्ही लावता येतो. ते आलं की ‘हो ना’ म्हणायचं आणि लगेच पुढे विचारायचं की या पुस्तकात नेमकं कोणी काय केलं. चार्लीला युद्धाने मारलं नाही, माणसांनी मारलं, आणि त्यातल्या एकेकाला नाव आहे, हुद्दा आहे. पोरांना तिथपर्यंत न्यायचं, एवढंच आपलं काम. बाकी भावना-बिवना त्यांच्या त्या करतात.

आधी स्वतः वाचा, सुटका नाही

दोनेकशे पानांचं आहे, भाषा सोपी, एका वीकेंडला होतं. न वाचता गप्पा मारायला गेलात तर पोरगं दोन मिनिटांत ओळखतं आणि मग तोंडाला कुलूप.

वाचताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक म्हणजे प्रकरणांची नावं. ती घड्याळाच्या वेळा आहेत, रात्री दहा वाजून पाच मिनिटांपासून पहाटे सहाला एक मिनिट कमी असेपर्यंत. टॉमो एका रात्रीत जागून सगळं आयुष्य आठवतोय. वाचणाऱ्याला वाटत राहतं की पहाटे यालाच काहीतरी होणार, आणि शेवटी कळतं की ऑर्डर मोडली म्हणून आपलंच सैन्य चार्लीला गोळी घालणार आहे, टॉमो फक्त भावासाठी जागा आहे. पोरं इथे जाम हादरतात, काही तर चिडतात, ‘चीटिंग केली’ म्हणतात. चिडू द्या.

दुसरं, तुमच्या घरात काय टोचेल ते बघा. सुरुवातीलाच वडील झाडाखाली सापडून जातात, तेही टॉमोला ढकलून वाचवताना, आणि ही गोष्ट तो पोटात ठेवून मोठा होतो. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हे प्रकरण पोराला एकट्याने वाचायला देऊ नका, शेजारी बसा. नंतर गावचा जमीनदार कर्नल बर्था नावाच्या कुत्रीला गोळी घालतो, गॅसचा हल्ला आहे, अ‍ॅना नावाची गोड मुलगी मरते. आणि हो, चार्लीची मैत्रीण मॉली लग्नाआधी गरोदर राहते. आपल्या घरांत इथेच सगळ्यांची तंतरते! पोरगी विचारते आणि बाबा एकदम मोबाइलमध्ये. सरळ सांगा, त्या काळी त्या दोघांना लपूनछपून भेटावं लागायचं, मूल होणार म्हणून घाईने लग्न लावलं, मॉलीच्या आईबापांनी तिला घराबाहेर काढलं. दोन वाक्यांत विषय संपतो, तुम्ही लाजलात तर मात्र महिनाभर चालतो.

आधी काय सांगायचं, नंतर काय

इतिहासाचा तास घेऊ नका प्लीज. आर्चड्यूक वगैरे शाळा बघून घेईल. वाचायच्या आधी एकच गोष्ट सांगा: ब्रिटिश सैन्यात भरतीला वय १८ लागायचं आणि परदेशी लढायला पाठवायचं तर १९, तरीही हजारो पोरं खोटं वय सांगून घुसली आणि भरती करणाऱ्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. टॉमो जेमतेम सोळाचा. तेरा वर्षांच्या पोराला हे सांगितलं की तो लगेच मनात हिशोब करतो, तो चेहऱ्यावर दिसतो.

गोळी घातलेल्या सैनिकांचं सगळं मात्र पुस्तक संपेपर्यंत झाकून ठेवा. तो खरा इतिहास आहे, पण आधी सांगितला तर शेवट कळतोच. संपल्यावर ‘हे खरं आहे का’ हा प्रश्न शंभर टक्के येतो, तेव्हा हे हाताशी ठेवा. त्या युद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांवरून गोळी घातलेल्या ब्रिटिश आणि कॉमनवेल्थच्या ३०६ सैनिकांना २००६ च्या कायद्याने माफी दिली, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी. त्या कायद्यातच लिहिलंय की मूळ शिक्षा रद्द झालेली नाही, फक्त हे मान्य केलंय की त्यांच्या वाट्याला असं मरण यायला नको होतं. ऑस्ट्रेलियाने स्वतःच्या सैनिकांना अशी गोळी घालू दिली नाही. आणि पळून जाण्याला, भित्रेपणाला मृत्युदंड ही तरतूद ब्रिटिश सैन्यातून १९३० साली गेली. मॉर्पर्गोला गोष्ट सुचली ती बेल्जियममधल्या ईप्रच्या म्युझियममध्ये, तुमच्या मुलाला गोळी घातली असं आईला कळवणारं एक पत्र बघून. पीसफुल हे आडनाव त्याला जवळच्याच एका लष्करी स्मशानातल्या दगडावर मिळालं. पण त्या दगडाखालचा माणूस आणि गोष्टीतला टॉमो वेगळे, हे स्पष्ट सांगा, नाहीतर पोरं गूगल करून भलतंच जोडतात.

गप्पा सुरू कशा करायच्या

‘कसं वाटलं?’ हा प्रश्न बाद. ‘यातून काय शिकलास?’ तर अजिबात नको, त्याने पोरगं थेट परीक्षेत बसल्यासारखं ताठ होतं. मी हे विचारते: कुठल्या पानावर पुस्तक बंद करून ठेवलंस? कुठलं पान दोनदा वाचलंस? सगळ्यात जास्त राग कोणाचा आला?

आणि समोरासमोर बसून नाही. गाडीत, भांडी लावताना, मटार सोलताना, जिथे एकमेकांकडे बघावं लागत नाही तिथे पोरं बोलतात.

पहिलं उत्तर बहुतेक वेळा कुत्रीबद्दल येतं. एवढी माणसं मेली आणि याला कुत्रीचं पडलंय, असं म्हणू नका हं. कुत्रीपाशी पोराला सगळं एकदम स्वच्छ दिसतं, तिने काहीच केलं नव्हतं, ज्याच्या हातात बंदूक आणि अधिकार त्याने ठरवलं आणि संपलं. पुढे चार्लीचं जे होतं ते यापेक्षा फार वेगळं नाही, आणि पोरं कधी कधी स्वतःच म्हणतात, ‘कर्नलने जे बर्थाचं केलं तेच आर्मीने चार्लीचं केलं.’ हे आपण त्यांच्या तोंडात घालायचं नाही, कुत्रीवर नीट बोलू दिलं की येतं.

रागाच्या प्रश्नावर मला वाटायचं सगळे हल्ल्याची ऑर्डर देणाऱ्या सार्जंट हॅनलीचं नाव घेतील. घेतातही. पण थोडं थांबलं की कर्नल येतो, कारण चार्ली भरती झाला नाही तर घरातून बाहेर काढीन अशी धमकी त्याने दिलेली असते, घर त्याच्याच मालकीचं. मग भरतीच्या मेळाव्यातली ती बोळकी म्हातारी येते, टॉमोला गर्दीत भित्रा म्हणून डिवचणारी. आमच्या गटातल्या एका मुलीला तिचाच सगळ्यात जास्त राग आला होता, म्हणाली हॅनलीला निदान ऑर्डर्स होत्या, त्या बाईला कोणी सांगितलं होतं? मी यावर काही बोलले नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच.

काही पोरं, जास्त करून गेमिंगवाली, पुस्तक अर्ध्यावर सोडतात कारण अर्ध्यापर्यंत युद्धच नाही, नुसतं गाव, शाळा, नदी, मासे चोरणं. त्यांना आधीच सांगून टाका की खंदक उशिरा येतात. आणि बिग जो, चार्ली-टॉमोचा सगळ्यात मोठा भाऊ, ज्याची समज वेगळी आहे, त्याच्याबद्दल पोरं शाळेत शिकलेले शब्द वापरून पटकन मोकळी होतात. त्यांना विचारा की घरातले त्याच्याशी कसं वागतात आणि गावातले कसं.

हमखास येणारं आणखी एक, ‘टॉमोने वय खरं सांगून घरी जायचं ना, सिम्पल!’ याला तुम्ही उत्तर देऊ नका, दुसऱ्या पोराला द्यायला लावा. बहुतेक वेळा कोणीतरी म्हणतंच की मग चार्ली तिथे एकटा राहिला असता.

जेवणाच्या टेबलावरचं कोर्ट

हे नक्की करा, पुस्तक पूर्ण झाल्यावर. तीन पोरांना न्यायाधीश करा, कारण अशा खटल्यात खरोखर किमान तीन अधिकारी बसायचे. एक हॅनली, एक चार्ली. नियम असा की पुस्तकात त्या कोर्टासमोर जे आलं तेवढंच बोलायचं, वाचक म्हणून आपल्याला जे माहितीये ते नाही. काय समोर आलं आणि काय आलंच नाही हे पोरांनीच पानं उलटून शोधायचं. आरोप सोपा आहे, हल्ल्याची ऑर्डर मिळाली, चार्ली गेला नाही, जखमी भावापाशी थांबला.

तयारी ठेवा, बरीच पोरं ‘गिल्टी’ म्हणतील. तुम्हाला धक्का बसेल, इतकं रडून झाल्यावर हे? पण पोरांना नियम फार कळतात, ‘ऑर्डर म्हणजे ऑर्डर, सगळेच थांबले तर?’ हा काही वेडगळ मुद्दा नाही, सैन्य त्याच मुद्द्यावर चालायचं. त्यांना गप्प करू नका. निकाल लिहून घ्या, सह्या घ्या, खऱ्या सह्या, पेनने.

मग दुसरी फेरी. सांगा की कोर्टाने शिक्षा दिली म्हणजे लगेच गोळी असं नव्हतं. कागद वर वर जायचा, प्रत्येक पायरीवर अधिकारी शेरा मारायचा, शेवटी कमांडर-इन-चीफची सही लागायची, १९१५ च्या डिसेंबरपासून ते म्हणजे डग्लस हेग. आणि ब्रिटिश सैन्यात त्या काळात मृत्युदंड सुनावले गेले तीन हजारांच्या वर, त्यातले दहातले साधारण नऊ अमलात आलेच नाहीत. शिक्षा कमी व्हायची, माणूस तुरुंगात जायचा किंवा परत खंदकात. आता तोच कागद चौथ्या पोरासमोर ठेवा, तू हेग, सही कर किंवा खोड.

इथे खोलीतला आवाज बदलतो. मघाशी जे नियमाचं होतं ते आता एका माणसाचं झालेलं असतं, ज्याला नाही म्हणता आलं असतं, कारण बाकीच्या नऊ वेळा नाही म्हटलं गेलं होतं. एका पोराने पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाला, ‘मी नाही करत, दुसऱ्या कोणाला तरी दे.’ मी विचारलं मग दुसऱ्याने सही केली तर? तो बराच वेळ टेबलाच्या कडेचं सालपट काढत बसला. उत्तर दिलं नाही, मी मागितलंही नाही.

पत्र लिहायचं होमवर्क

शाळा हमखास सांगते, टॉमो होऊन घरी पत्र लिहा. आणि पोरं लिहितात, ‘डिअर मदर, वॉर इज टेरिबल, देअर आर रॅट्स’. कंटाळा येतो वाचून. एक सोपी युक्ती आहे. त्यांना सांगा की सैनिकांची पत्रं त्यांचेच अधिकारी वाचायचे, जागा, हल्ला, तक्रार काही लिहिता यायचं नाही. मग आईला काहीच न सांगता सगळं कसं सांगशील? पत्र एकदम सुधारतं, कारण पोरं मग गाईबद्दल विचारतात, बिग जो जेवतो का विचारतात, आणि जे लिहिलेलं नाही ते आपल्याला ऐकू येतं.

याहून भारी म्हणजे छापील फील्ड पोस्टकार्ड. त्यावर वाक्यं तयारच असायची, मी ठीक आहे, मला हॉस्पिटलात दाखल केलंय, तुझं पत्र मिळालं, बरेच दिवस तुझं पत्र नाही. नको ती खोडायची, सही आणि तारीख टाकायची, बस. वर एक शब्द जरी जास्त लिहिला तर कार्ड फाडून टाकू असं त्यावरच छापलेलं. जुन्या पुठ्ठ्यावर हे बनवा आणि पोरांना सांगा की चार्लीच्या खटल्याची आदली रात्र, टॉमो आईला हे कार्ड पाठवतोय, काय खोडशील? निबंध न आवडणारी पोरंसुद्धा इथे अर्धा तास गुंततात.

दुसरं वाचन

पूर्ण पुस्तक परत वाचायची गरज नाही. फक्त प्रत्येक प्रकरणाची सुरुवात, जिथे ती रात्र येते, ते दोन-तीन परिच्छेद ओळीने वाचा, शेवट माहीत असताना. पोरं उड्या मारतात, ‘हे बघ, इथे त्याने सांगितलंच होतं!’ ‘चीटिंग’वाली तक्रार इथे मिटते. घड्याळाकडे लक्ष द्यायला सांगा, टॉमोच्या हातातलं घड्याळ मुळात चार्लीचं आहे, हे कळलं की वेळांची नावं वेगळीच वाटायला लागतात.

आणि तो शेवटच्या भेटीतला तुकडा, जिथे टॉमो एकदाचं सांगतो की बाबा माझ्यामुळे गेले, आणि चार्ली म्हणतो मला माहीत होतं, तू झोपेत बोलतोस. तो मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर काही विचारू नका, चहा टाका.

‘आपले लोक होते का तिथे?’

हा प्रश्न आपल्या पोरांकडून येणारच, आणि उत्तर हो आहे. ऑक्टोबर १९१४ मध्येच भारतीय तुकड्या ईप्रच्या बाजूला लढल्या, मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलला, आणि एप्रिल १९१५ मध्ये गॅसनंतरच्या लढाईत लाहोर डिव्हिजन ईप्रलाच होती, म्हणजे टॉमोच्याच परिसरात. ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर भारतीय नावं कोरलेली आहेत. मराठे मात्र जास्त करून मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, तिथल्या कुत गावात त्यांना वेढा पडला, उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुस्तकात चार्लीला गोळी घालतात ती त्याच वर्षीच्या जूनमध्ये. म्हणजे तिकडे डेव्हनचा पोरगा कोर्टासमोर उभा असताना साताऱ्या-कोल्हापूरकडची कितीतरी पोरं तुर्कांच्या कैदेत होती. हे सांगा, पण ‘आपले किती शूर’ या वळणावर गाडी जाऊ देऊ नका, नाहीतर चार्ली विसरला जातो.

आजी-आजोबांचं काय करायचं हेही विचारलं होतं कोणीतरी. आमच्याकडे व्हिडिओ कॉलवर सासरे म्हणाले होते, ‘पळपुट्याची गोष्ट कसली शिकवता रे पोरांना?’ घराण्यात फौजेतली माणसं, त्यांना झोंबणारच. वाद घालू नका. नातवाला सांगा की आजोबांना गोष्ट सांग, फक्त खटल्यापर्यंत, आणि मग विचार की आजोबा, तुम्ही असता तर भावाला तिथे टाकून गेला असता का. त्यांचं उत्तर काहीही येवो, पोराला खरी दुसरी बाजू मिळते, गूगलवरची नाही.

जमलं तर जाऊन या

स्टॅफर्डशरमध्ये अल्रूअसला नॅशनल मेमोरियल आर्बोरेटम आहे, तिथे २००१ पासून ‘शॉट अ‍ॅट डॉन’ स्मारक आहे. डोळ्याला पट्टी बांधलेला एक तरुण सैनिक, हर्बर्ट बर्डन या खऱ्या सैनिकावरून घडवलेला, जो गोळी घातली तेव्हा १७ वर्षांचा होता. मागे अर्धवर्तुळात लाकडी खांब, प्रत्येकावर नाव, हुद्दा आणि वय, आणि काहींवर वय माहीत नाही असं लिहिलेलं. भाषण देऊ नका, पोरांना मोकळं सोडा, ती आपोआप वयं वाचत फिरतात आणि स्वतःच्या दादाचं वय शोधतात. ब्रायटनजवळ राहत असाल तर टेकडीवरची छत्री बघा, तिथल्या हॉस्पिटलांत वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला तिथलं हे स्मारक, १९२१ मध्ये उद्घाटन झालेलं. चढ आहे, चिखल असतो, बूट चांगले घाला.

शेवटचा प्रश्न आणि निबंध

‘टॉमो जगला का?’ पुस्तक सांगत नाही. टॉमो घरी जायचं ठरवतो, चार्लीच्या बाळासाठी, पण त्याची तुकडी निघालीये फ्रान्समधल्या सोमकडे. सोमची लढाई १ जुलै १९१६ ला सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी १९ हजारांवर ब्रिटिश सैनिक मेले. एवढंच सांगा आणि थांबा. लहान पोरं त्याला जगवतात, मोठी बहुतेक नाही, आणि दोघांकडेही कारणं असतात, ती ऐका. ‘नाही रे, तो नक्की वाचला असेल’ असं खोटं समाधान नको.

आता निबंधाचं. पॉइंट-एव्हिडन्स-एक्स्प्लेन, म्हणजे मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण, सगळ्यांना माहीत आहे, पोरं अडतात ती एव्हिडन्सला, कारण लिहायला बसल्यावर त्यांना पान सापडत नाही आणि मग परत ‘वॉर इज बॅड’. म्हणून वरच्या सगळ्या गप्पा चालू असताना पुस्तक आणि छोटे चिकट कागद जवळ ठेवा, पोरगं जोरात काही बोललं की ‘कुठल्या पानावर?’ एवढंच विचारा आणि तिथे कागद चिकटवून त्याचंच वाक्य त्यावर लिहा, मराठी-इंग्लिश जसं आलं तसं. म्हातारीबद्दलचा तो राग, हेगची न झालेली सही, हे सगळं कागदावर असतं, रविवारी संध्याकाळी निबंधाला बसलं की अर्धं काम झालेलं असतं. लायब्ररीचं पुस्तक असेल तर परत द्यायच्या आधी कागद काढा तेवढे.